खोल नांगरट

आपल्या तापीकाठच्या शेतकऱ्याला कुंदा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. वखराच्या दोन पाळ्या घातल्या की शेत स्वच्छ दिसते. बांधावरून पाहणारा पाहुणा वाहवा करतो. पण मृगाचा पाऊस झाला की आठ-पंधरा दिवसांत तेच शेत पुन्हा हिरवे होऊन बसते. वर दिसते ती नुसती पात. खरा कुंदा वखराची पास पोहोचत नाही अशा खोलीवर, काळ्या जमिनीच्या पोटात मुळ्या पसरून बसलेला असतो. जुन्या लाकडी नांगराला तो दाद देत नसे. त्याला उखडायला खोल जाणारा लोखंडी नांगर यावा लागला.

हा नांगर देशी कारखान्यात घडवून शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणाऱ्या माणसांत पहिले नाव येते ते लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे. हे नाव मराठी घरांना नवे नाही. पण त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुधा कारखाने मोजतो, कामगार मोजतो, उलाढाल मोजतो. माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. त्या नजरेने त्यांचे चरित्र वाचले की यशाच्या यादीपेक्षा त्यांना आडव्या आलेल्या गोष्टींची यादी मला जास्त बोलकी वाटते. त्यातल्या बहुतेक गोष्टी कोणाच्या डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्या. पैशाची अडचण दिसते, जागेची दिसते, यंत्राची दिसते. पण जो अडथळा अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, तो आधी ओळखायचा कसा? लक्ष्मणरावांचे आयुष्य हे या प्रश्नाचे एक सरळ, कष्टाचे उत्तर आहे.

रंग गेले, रेषा राहिली

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही १८४३ साली याच गावात जन्मले. एका लहानशा गावाने मराठी मुलखाला एक रंगभूमी दिली आणि एक कारखानदार दिला. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरात मुलाने पोथ्यापुस्तकांत रमावे, परीक्षा द्याव्यात आणि सरकारी नोकरी धरावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती. लक्ष्मणचे मन मात्र शाळेत लागेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते. एक चित्रे काढण्याचे आणि दुसरे यंत्रे कशी चालतात ते पाहण्याचे.

मुलगा चित्रकार व्हायला मुंबईला जाणार, हे वडिलांना रुचणे शक्य नव्हते. त्या काळी चित्रकला हा भल्या घरच्या मुलाने करायचा धंदा मानला जात नसे. पण थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे घरातले रामूअण्णा, धाकट्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सुमारे दोन वर्षे हात चांगला चालला. आणि मग एक विलक्षण गोष्ट उघडकीला आली. या विद्यार्थ्याला काही रंग ओळखूच येत नव्हते. त्याच्या डोळ्यांत अंशतः रंगांधत्व होते.

रंगांधत्व ही फार चोरपावलांची उणीव आहे. ती दुखत नाही, खुपत नाही, चष्म्याने जात नाही. बहुतेकांना ती जन्मतः असते, आईच्या बाजूने मुलग्यांकडे येते आणि म्हणूनच बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळते. ज्याला ती असते त्याला जग नेहमी तसेच दिसत आलेले असल्यामुळे आपल्याला काही कमी दिसते हे त्याला कळत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याला आपल्या डोळ्यांतला हा फरक मोठेपणीच उमगला आणि १७९४ साली त्याने त्यावर निबंध वाचला. आज डॉक्टर रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावून ही परीक्षा करतात. त्या इशिहारा तक्त्यांचा जन्म १९१७ सालचा. लक्ष्मणराव कलाशाळेत होते तेव्हा हे तक्ते नव्हते. चित्र पुरे होऊन दुसऱ्याच्या नजरेस पडावे आणि त्यातली चूक ध्यानात यावी, असे होई.

विशीच्या आतल्या त्या मुलाची अवस्था कल्पनेत आणून पाहावी. वडिलांचे मन मोडून घर सोडले, भावाचा पैसा खर्ची पडला, दोन वर्षे गेली आणि शेवटी कळले की ज्या कलेसाठी हे सगळे केले तिच्याच आड आपले डोळे येतात. अशा वेळी माणसे दोन गोष्टी करतात. काही जण उणीव लपवून तीच वाट रेटत राहतात. काही जण सारेच सोडून घरी परततात आणि जन्मभर नशिबाला बोल लावतात. लक्ष्मणरावांनी तिसरी गोष्ट केली. आपले नेमके काय गेले आणि काय शिल्लक आहे, याचा त्यांनी हिशेब मांडला. रंग गेले होते, पण रेषा शाबूत होती. हात स्थिर होता. आकार, माप, प्रमाण यांत नजर चुकत नव्हती. यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही. त्याला अचूक रेषा लागते. त्यांनी यंत्रांच्या आरेखनाचा अभ्यास धरला आणि त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहाय्यक शिक्षकाची जागा मिळवली. आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था ती हीच. त्या वेळी ती भायखळ्याला होती. पगार महिना पंचेचाळीस रुपये.

बालपणीची यंत्रांची आवड इथे पुन्हा जागी झाली. शिकवण्याचे तास संपले की संस्थेच्या कार्यशाळेतली यंत्रे हाताळायची, परदेशी तांत्रिक पुस्तके-मासिके वाचायची, हा त्यांचा क्रम झाला. चित्रकाराचे शिक्षण अर्धवट राहिले नसते तर यंत्रांशी ही गाठ पडली असती की नाही, कोण जाणे.

नियमात न लिहिलेली भिंत

याच मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. दोन चाकांवर तोल सांभाळत जाणारा माणूस ही तेव्हा रस्त्यावर थांबून बघण्याची गोष्ट होती. लक्ष्मणरावांना तीत धंदा दिसला. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या आणि त्यांनी तिथे विकायच्या, अशी भावाभावांची जोडी जमली. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान उभे राहिले. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे, म्हणजे लक्ष्मणरावांचा वर्षाहून अधिक काळाचा पगार! सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे.

या पंधरा रुपयांकडे मी धंद्याची समज म्हणून पाहतो. गिऱ्हाईक सायकल घेत नाही तेव्हा दुकानदाराला वाटते, किंमत आड येते. पण ज्याच्या खिशात हजार रुपये आहेत तोही मागे सरतो, कारण त्याला चारचौघांत पडण्याची भीती असते. ही भीती तो बोलून दाखवत नाही. भाव जास्त आहे, एवढेच म्हणतो. शिकवणीची सोय असली की ही न बोललेली भीती जाते आणि विक्री होते. माल विकण्याआधी मनातला खुट्टा काढावा लागतो, हा धडा किर्लोस्कर बंधूंना सायकलीने दिला आणि पुढे नांगराच्या वेळी तो फार कामी आला.

मुंबईत मात्र एक वेगळाच अडथळा वाट पाहत होता. संस्थेत बढतीची जागा निघाली. काम, अनुभव, विद्यार्थ्यांमधला लौकिक, कोणत्याही मापाने ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. वर्ण पाहून बढती द्यावी असे संस्थेच्या कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नसावे. पण लिहिलेले नसले तरी ते होते. अशी भिंत डोक्याला लागते तेव्हाच कळते.

अपमान गिळून नोकरी टिकवणे त्या काळात कोणी चुकीचे मानले नसते. घरसंसार होता आणि पंचेचाळीस रुपये ही रक्कम लहान नव्हती. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. रागाच्या भरात घेतलेला निर्णय म्हणून त्याकडे पाहता येईल. मला मात्र त्यात हिशेब दिसतो. आपण कितीही चांगले काम केले तरी वरची पायरी आपल्यासाठी नाही, हे एकदा पक्के कळल्यावर त्या जिन्यावर आयुष्य घालवणे हाच तोट्याचा व्यवहार होता. ते बेळगावला आले, भावाच्या दुकानात उभे राहिले आणि तिथून खऱ्या अर्थाने कारखानदार लक्ष्मणराव सुरू होतात.

दोन वर्षे न विकलेला नांगर

सायकलींची दुरुस्ती करता करता त्यांचे लक्ष शेतीकडे वळले. गिऱ्हाइकांत शहरी शौकीन मोजके. खेड्यांत मात्र लाखो शेतकरी होते आणि त्यांची अवजारे शतकानुशतके बदललेली नव्हती. आधी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर हाती घेतला.

लाकडी नांगर जमिनीला चीर पाडतो. माती उलटवत नाही. लोखंडी नांगराच्या वाकवलेल्या पंखामुळे मातीचे ढेकूळ उचलले जाऊन पालथे पडते, तळची माती वर येते, तणाच्या मुळ्या उन्हात पडून वाळतात आणि पावसाचे पाणी खोल मुरते. हे सगळे कागदावर ठीक होते. बाजारात मात्र कोणी तयार होईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा समज शेतकऱ्यांत घर करून होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

आज आपण या समजुतीला हसतो. हसू नये. जमीन हेच ज्याचे सर्वस्व, त्याने तिच्या पोटात अनोळखी वस्तू घालताना दहा वेळा विचार केला तर त्यात अडाणीपणा कसला? शिवाय त्या भीतीच्या खाली आणखी काही थर असणार, असा माझा तर्क आहे. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि मोडला तर बलुत्याच्या धान्यावर दुरुस्त करी. लोखंडी नांगराला रोख पैसा लागणार. ऐन नांगरणीत फाळ तुटला तर तो कोणी जोडायचा? खोल नांगरायला बैलांच्या जास्त जोड्या लागतात, त्या कोणाच्या मागून आणायच्या? हे प्रश्न शेतकरी शहरातल्या दुकानदाराजवळ उघड करीत नाही. तो फक्त म्हणतो, लोखंडाने जमीन बिघडते. कारण असे एक सांगितले जाते आणि भलतेच असते, हा अनुभव कोणत्याही खेड्यातल्या बँकेत बसलेल्या माणसाला रोज येतो.

शहादा तालुक्यात असताना माझ्याकडे एक किराणा दुकानदार दर सहा महिन्यांनी कर्ज वाढवून मागायला येई. भांडवल कमी पडते, हे त्याचे ठरलेले कारण. वह्या पाहिल्या तर माल भरपूर खपत होता. पैसा अडकला होता उधारीत, आणि उधारी होती जवळच्या नातलगांची. सोयऱ्याकडे पैसे मागायला त्याची जीभ उचलत नव्हती. त्याला कितीही भांडवल दिले असते तरी ते त्याच वाटेने गेले असते. त्याचा अडथळा तिजोरीत नव्हता, जिभेवर होता. पुढे त्याने वसुलीचे काम बायकोकडे सोपवले आणि दोन वर्षांत दुकान सावरले. तिला कसला संकोच नव्हता!

लक्ष्मणरावांचे मोठेपण हे की नांगर विकला जात नाही म्हणून त्यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही आणि नांगरही सोडला नाही. पहिला गेला, मग त्या शेतात काय झाले ते शेजाऱ्यांनी पाहिले. जमीन मेली नाही. उलट पीक बरे आले. शेतकऱ्याचा विश्वास जाहिरातीवर बसत नाही, शेजारच्या बांधावर बसतो. हळूहळू मागणी येऊ लागली.

चित्रकार राजा आणि निवडुंगाचा माळ

धंदा मार्गी लागतो न लागतो तोच पायाखालची जमीन सुटली. बेळगावच्या नगरपालिकेला ठळकवाडी भागात नवी वसाहत वसवायची होती आणि कारखान्याची जागा त्यात आडवी येत होती. जागा सोडावी लागली. कर्ज काढून घेतलेली यंत्रे न्यायची कुठे?

इथे चरित्राला एक सुंदर वळण मिळते. लक्ष्मणरावांना औंध संस्थानात सभामंडपाच्या बांधकामाचे काम मिळाले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार होते. पुढे त्यांनी रामायणाची चित्रमालिका काढली, औंधला मोठे चित्रसंग्रहालय उभारले, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. त्यांनी या विस्थापित कारखानदाराला दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर पडीक जमीन दिली. ज्याला रंगांनी नाकारले त्याला शेवटी एका रंगकर्मी राजानेच आसरा दिला.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे कर्ज विनातारण होते. जमीन राजाचीच. यंत्रे जुनी. कर्जदाराला नुकतीच जागा सोडावी लागलेली. माझ्या एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याने असे प्रकरण मंजुरीला पाठवले असते तर मी त्याला बोलावून घेतले असते. बाळासाहेबांनी माणूस पाहून पैसे दिले. सभामंडपाचे काम करताना हा माणूस हिशेब कसा ठेवतो, शब्द कसा पाळतो, मजुरांशी कसा वागतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आधी केलेले एखादे लहान काम पुढच्या मोठ्या कामाचे तारण ठरते, हे नव्याने धंदा करणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१० मार्च १९१० रोजी त्या माळावर काम सुरू झाले. माळ म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचे वसतिस्थान. सोबत सुमारे पंचवीस कुटुंबे. आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. कुंडल रोड स्टेशनलाही पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला निवडुंग आणि गुलाब असे नाव दिले, ते या माळाच्या आठवणीनेच. परदेशातल्या कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या नमुनेदार गावांविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. तसे गाव आपल्याकडे वसवायचे, हे त्यांचे जुने स्वप्न. रामूअण्णांनी गावाच्या उभारणीकडे लक्ष दिले. आणि त्या उघड्या माळावर आपल्या पोराबाळांना घेऊन संसार मांडणाऱ्या राधाबाई आणि इतर स्त्रिया नसत्या तर ती पंचवीस कुटुंबे तिथे टिकली असती का, हाही विचार मनात येतो. कोणत्याही ताळेबंदात हे भांडवल दाखवलेले नसते.

माणूस घडवण्याचा कारखाना

मग प्रश्न आला माणसांचा. ओतकाम, सुतारकाम, यंत्रकाम जाणणारे कारागीर माळावर कोठून मिळणार? लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांचा आग्रह धरला नाही. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळू लागले. के. के. कुलकर्णी यांनीही जबाबदारी उचलली. अनंतराव फळणीकर हे हाताने शिकलेले यंत्रज्ञ. शंभुराव जांभेकरही या मेळ्यात आले. या माणसांच्या अंगी काय आहे हे त्यांच्या कागदपत्रांवरून कळले नसते. ते काम देऊनच कळायचे होते, आणि लक्ष्मणरावांनी काम देऊन पाहिले.

याहून धाडसाची गोष्ट राखणदारांची. शिक्षा भोगून आलेल्या, ज्यांना गाव दारात उभे करायला तयार नव्हते अशा माणसांवर त्यांनी कारखान्याच्या आणि वसाहतीच्या रखवालीची जबाबदारी टाकली. एकदा चोर म्हटले की तो चोरच, ही समाजाची समजूत त्या माणसांच्या वाटेतला सर्वांत मोठा धोंडा होता. लोखंडाने जमीन बिघडते, या समजुतीशी तिचे नाते जवळचे आहे. दोन्ही ठिकाणी लक्ष्मणरावांचा उपाय एकच होता. वाद घालायचा नाही, करून दाखवायचे.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे रोडावले. लोखंड-कोळशाची टंचाई झाली, तशी देशी नांगराला मागणीही वाढली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेले ते मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घराघरांत गेले आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या या मासिकांनी मराठी मनाचीही बरीच नांगरट केली, असे म्हणायला हरकत नाही.

स्वतः औपचारिक अभियांत्रिकी न शिकलेल्या बापाने मुलाला मात्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रशिक्षण संस्थेत पाठवले. १९२६ साली शंतनुराव शिकून परतले. पुढे पाण्याचे पंप आले, हरिहरला लेथ यंत्रांचा कारखाना झाला, १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. जुन्या उद्योगपतींच्या मार्गात एक अदृश्य अडथळा त्यांचा स्वतःचाच असतो. मी केले तेच बरोबर, असे त्यांना वाटत राहते आणि पुढची पिढी त्यांच्या सावलीत खुरटते. लक्ष्मणरावांनी मुलापुतण्यांना मोकळीक दिली, हे त्यांच्या यशातले मला फार मोलाचे वाटते.

उतारवयात आणखी एक घाव बसला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर दंगे उसळले. किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावली गेली. अडतीस वर्षांपूर्वी ज्या माळावर निवडुंग तोडून पाया घातला, तिथे राख पाहण्याची पाळी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीच्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यानंतर महिनाभरातच देशातल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खेड्यापाड्यांत शाखा निघू लागल्या. आमच्यासारखी पोरे बँकेत लागली ती त्याच लाटेत. १९८०च्या दशकात तापी-गोमाईच्या काठाने विहिरींवरच्या ऑइल इंजिनांसाठी आम्ही कर्जे दिली, तेव्हा कोटेशनच्या कागदावर किर्लोस्कर हे नाव किती वेळा वाचले याची गणती नाही. त्या नावामागे रंग न ओळखणारा एक मुलगा आहे, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होते?

आपल्या अंगणातला प्रश्न

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या मागासलेपणावर बोलताना आपण रस्ते, वीज, पाणी, भांडवल मोजतो. ते मोजायलाच हवे. पण काही अडथळे रस्ता झाला तरी उरतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घरात मूल पावरी किंवा भिली बोलते, शहाद्याच्या खेड्यात गुजरी किंवा अहिराणी. आणि पहिलीत गेल्याबरोबर समोर येते पुस्तकी मराठी. मूल गप्प बसते. गुरुजींना वाटते, याला समजत नाही. वर्षे जातात आणि मग त्या मुलालाही वाटू लागते की आपल्याला समजत नाही. बँकेच्या खिडकीपाशी अंगठा कुठे लावायचा एवढेच विचारून परत जाणारी किती तरी शहाणी माणसे मी पाहिली. सातपुड्यातल्या उतारावरची शेती, बियाणे, रानातली झाडे यांविषयी त्यांना बोलते केले तर ऐकत राहावे. त्यांचे मौन म्हणजे अज्ञान, असा आपणच अर्थ लावला होता.

घरोघरी हीच कथा लहान प्रमाणात चालू असते. दहावीला गणितात अडखळलेला मुलगा मठ्ठ ठरतो. त्याला फळ्यावरचे नीट दिसत नसेल, हे पुष्कळ उशिरा ध्यानात येते. सुनेच्या हाताला चव आहे, मसाल्याचा धंदा चालेल, असे सगळे म्हणतात. पण बाजारात जाऊन भाव करायला घरातूनच मोकळीक नसते. नवऱ्याचे दुकान चालत नाही, कारण जागा वाईट; पण गिऱ्हाईक त्याच्या तिरसट बोलण्याने तुटते, हे त्याला सांगायचे कोणी?

लक्ष्मणरावांच्या चरित्रातून जिद्द, चिकाटी हे शब्द उचलणे सोपे आहे. पण नुसत्या जिद्दीने त्यांनी रंगांशीच झुंज घेतली असती तर एक सामान्य चित्रकार म्हणून ते संपले असते. नुसत्या चिकाटीने ते मुंबईत राहिले असते तर सहाय्यक शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले असते. आधी अडथळा कोणता आहे हे त्यांनी शोधले. तो स्वतःच्या शरीरातला आहे, नियमामागचा आहे की समोरच्या माणसाच्या भीतीतला, हे नीट ओळखले. पहिल्यासाठी वाट बदलली, दुसऱ्यासाठी नोकरी सोडली, तिसऱ्यासाठी दोन वर्षे वाट पाहिली. चिकाटी धरायची कोठे आणि सोडायची कोठे, हे त्या शोधातूनच ठरले.

आणि त्या सगळ्यात रामूअण्णा होते. वडिलांचा विरोध असताना धाकट्याला मुंबईला पाठवणारे, त्याचे शिक्षण फसले तेव्हा दार बंद न करणारे, नोकरी सोडून आला तेव्हा दुकानात जागा करून देणारे, आणि पुढे माळावर गाव वसवायला सोबत जाणारे. दुकानाच्या पाटीवर त्या काळी किर्लोस्कर बंधू असे नाव होते आणि कंपनी एवढी मोठी झाल्यावरही ते बदलले नाही. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी इंग्रजीतले ब्रदर्स तिथे कायम आहे. बेळगावच्या दुकानातल्या त्या थोरल्या भावाचा वाटा जगाला फारसा दिसत नाही, पण नावात तो राहिला आहे. आपल्याही घरात एखादा लक्ष्मण रंग चुकवत बसलेला असेल, तर त्याच्या वाट्याला एक रामूअण्णा येतो की नाही, एवढे तरी पाहणे आपल्या हातात आहे.